स्ट्रॉबेरीवरची जाळी

महेश्वरचा राग सोलापूरच्या भवानी पेठेत सगळ्यांना ठाऊक होता. एकदा त्याच्या वर्कशॉपसमोर कुणीतरी टेम्पो आडवा लावला, तर त्यानं ड्रायव्हरला केबिनमधून ओढून काढलं आणि त्याचा जबडा असा फोडला की त्या माणसाला महिनाभर नळीनं दूध पाजावं लागलं. लूमचे सुटे भाग ठोकून सरळ करणारे हात ते. तेच हात संध्याकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकताना मात्र इतके मऊ व्हायचे की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूसच वेगळा.

राजेश्वरी, त्याची थोरली भावजय, हे रोज बघायची. घर दोन मजली. खाली महेश्वर आणि त्याची बायको हेमावती, वर अण्णाराव आणि राजेश्वरी. गच्ची दोघा भावांची. सासरे गेले त्या वर्षी महेश्वरनं गच्चीच्या मधोमध चुन्याची रेघ मारली होती. रेघेच्या पलीकडं त्याच्या कबुतरांची ढाबळ, अलीकडं राजेश्वरीच्या कपड्यांच्या दोऱ्या आणि पापड-कुरडयांची वाळवणं. अण्णाराव सुताच्या पेढीवर कारकून. त्यानं त्या रेघेबद्दल कधी हूं की चूं केलं नाही. धाकट्या भावाच्या कुठल्याच गोष्टीबद्दल तो कधी काही बोलला नव्हता.

स्ट्रॉबेरीचं खूळ राजेश्वरीच्या डोक्यात शिरलं ते निव्वळ हट्टानं. शेजारच्या बाया म्हणाल्या, सोलापुरात उन्हानं माणसं करपतात, तिथं ती थंड हवेतली फळं कुठली यायला? एवढं ऐकलं आणि तिनं बियांची पुडी मागवली. बी म्हणजे काय, मोहरीपेक्षा बारीक, फुंकर मारली तर उडून जाईल. ओल्या कागदात गुंडाळून ते तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं होतं, म्हणजे बियांना वाटतं थंडी येऊन गेली. अण्णारावनं तो डबा उरलेल्या चटणीचा समजून उघडला आणि नाक मुरडून परत ठेवला. 

मग खिडकीतल्या ट्रेमध्ये तिनं ते बी नुसतं पसरलं, वर माती घातली नाही, स्प्रेनं तेवढं पाणी मारत राहिली. पहिली खेप उगवून चार दिवसांत कोलमडली. दुसऱ्या खेपेतली थोडी रोपं तगली. गणपती उठल्यावर तिनं ती कुंड्यांत लावली, कुंड्या विटांवर मांडल्या, वर लोखंडी पाइपांच्या आधारानं हिरवं शेडनेट ताणलं, मातीवर उसाचं पाचट अंथरलं. डिसेंबरात पांढरी फुलं आली तेव्हा तिनं जुन्या रंगाच्या ब्रशनं फुलाफुलाला गोंजारलं, कारण गच्चीवर मधमाश्या फिरकत नव्हत्या.

हेमावती दुपारी हळूच वर यायची. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. कुंड्यांपाशी उकिडवी बसायची आणि हिरव्या गाठींना बोट लावून बघायची.

"अक्का, ही खरंच लाल होणार?"

"होणार की. तुझ्या गळ्याला काय झालंय?"

हेमावती पदर ओढून घ्यायची. "काय न्हाय. झोपेत नख लागलं."

नख नव्हतं ते. चार बोटं नीट उमटलेली होती. राजेश्वरीला दिसायचं, पण ती पुढं विचारायची नाही. विचारून करायचं काय, हा प्रश्न तिलाही होताच.

जानेवारी उजाडला आणि फळं लाल व्हायला लागली. आणि पहिलं पिकलेलं फळ तोडायला राजेश्वरी पहाटे वर गेली तर त्याचा अर्धा भाग गायब, उरलेल्यात चोचीची भोकं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं डोळ्यांनी बघितलं. महेश्वरची करडी मादी शेडनेटच्या कडेनं आत शिरून मजेत टोचे मारत होती.

"भावजी, तुमच्या पाखरांना आवरा की."

महेश्वर ढाबळ झाडत होता. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवड्यावर आली होती. तो मिरवणुकीत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्यांतला, रोजच्या सरावानं त्याचा खांदा सोलपटून निघाला होता. वळूनही न बघता तो म्हणाला, "पाखराला काय रेघ कळती व्हय, वैनी?"

"मग मी जाळी लावते."

"लावा. पण माझ्या पाखराला काय झालं, तर मग मला बोलू नका."

तिनं बारीक नायलॉनची जाळी आणून कुंड्यांभोवती चारी बाजूंनी बांधली. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या सकाळी वरून फडफड ऐकू आली म्हणून ती धावत गेली. करडी मादी जाळीत अडकली होती. एक पंख उलटा पिळवटलेला, दोरा मानेत रुतलेला. राजेश्वरी कात्री घेऊन आली. एका हातानं पाखरू धरून दुसऱ्यानं दोरा कापायला गेली, पण जीव भ्यालेला, ते पाखरू झटके देत राहिलं आणि प्रत्येक झटक्याला दोरा आत आत जात राहिला. कात्री दोऱ्याला पोचली तेव्हा ते तिच्या तळहातावर लुळं पडलं होतं. बोटांवर रक्त आलं होतं.

तेवढ्यात जिन्यातून महेश्वर वर आला. त्याला दिसलं ते एवढंच: भावजयीच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हातात त्याची मेलेली मादी.

"मी सोडवत होते, भावजी—"

त्यानं ऐकलं नाही. पाखरू तिच्या हातातून घेतलं, क्षणभर छातीशी धरलं, आणि मग दुसऱ्या हातानं तिचे केस मुठीत धरून तिचं तोंड त्या रक्ताळलेल्या पिसांत दाबलं.

"खा! ह्याच्यासाठीच लावली होतीस नव्हं जाळी? खा!"

पिसं तिच्या नाकातोंडात गेली. ती गुदमरली. त्यानं तिला ढकलून दिलं आणि कुंड्यांकडं वळला. एक उचलून कठड्यावर आपटली. दुसरी लाथेनं उडवली. तिसरी दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन जमिनीवर घातली, आणि खापरं फुटल्याचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. पांढरी मुळं, ओली माती, लाल फळं चपलेखाली चिरडली. सहा महिन्यांची ती रोपं. राजेश्वरीला राहवलं नाही, तिनं जाऊन त्याचा दंड धरला. त्यानं तिचं मनगट पकडलं आणि पिळलं. आत काहीतरी कट्कन मोडलं. तिला ते आधी ऐकू आलं, दुखलं नंतर.

जिन्याच्या दारात हेमावती तोंडात पदर कोंबून उभी होती. जागची हलली नाही.

अण्णारावला पेढीवरून बोलावून घेतलं. तो आला, गच्ची बघितली, बायकोचा लोंबणारा हात बघितला, खाली जाऊन रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कशानं झालं? राजेश्वरी तोंड उघडणार त्याआधी अण्णाराव म्हणाला, "पायऱ्यांवरून पडली."

प्लॅस्टर घालून घरी आल्यावर तिनं दार लावलं.

"पायऱ्यांवरून पडले मी?"

"पोलीस, कोर्ट, पेठेत बोभाटा… कशाला पाहिजे? तो तसाच आहे, तुला माहीत आहे."

"तो तसाच आहे. आणि तुम्ही?" तिचा आवाज चढला. "त्याचा हात माझ्या केसांपर्यंत पोचला. तुमचा हात आज फक्त रिक्षा थांबवायला वर झाला! तुम्ही बाईमाणूस असतात तर बरं होतं, निदान मी समजून घेतलं असतं. मेलेलं पाखरू माझ्या तोंडात कोंबलं त्यानं. तुमच्या जागी दुसरा कुणी असता ना, तर त्यानं ढाबळीतलं एक पाखरू जिवंत ठेवलं नसतं."

अण्णारावनं तिच्यासाठी भात कालवला आणि ताट पुढं ठेवलं. तिनं ते डाव्या हातानं भिंतीवर फेकलं. त्यानं भाताची शितं गोळा केली, फडक्यानं भिंत पुसली. पुढचे काही दिवस राजेश्वरी गच्चीवर गेली नाही. मागच्या ओळीतल्या काही कुंड्या महेश्वरच्या तावडीतून सुटल्या होत्या. त्यांना कोण पाणी घालत होतं, हे तिला कळलं होतं. दुपारी वरून बारीक पावलं वाजायची. पण हेमावतीशी ती बोलली नाही. तिथं उभी राहून बघत होतीस की, असं तिच्या मनात यायचं.

जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी सगळी पेठ ओस पडली. महेश्वर पहाटेच पांढरीशुभ्र बाराबंदी घालून, कपाळभर विभूती लावून गेला होता. मागून हेमावती अक्षता टाकायला गेली. राजेश्वरी प्लॅस्टरचा हात उशीवर ठेवून पडली होती. तिला डोळा लागला असावा. जाग आली ती वरच्या फडफडाटानं. एकदोन पाखरांचा नाही, सगळ्या ढाबळीचा.

ती चढून वर गेली. ढाबळीच्या दारात अण्णाराव उभा होता. अंगात पेढीवर जातानाचा इस्त्रीचा शर्ट, बाह्या नीट दुमडलेल्या. तो आत हात घालायचा, कबुतर काढायचा, आणि भाजीची देठं मोडावीत तशी त्याची मान मोडून बाजूला टाकायचा. घाई नाही, चेहऱ्यावर राग नाही. चुन्याच्या रेघेवर पाखरांचा ढीग पडला होता. त्यातली काही अजून पाय झाडत होती.

पहिल्या क्षणी राजेश्वरीच्या पोटातून गरम, गोड असं काहीतरी वर आलं. बघा, माझा नवरा. पुढच्याच क्षणी ढिगातल्या एका पाखराचा डोळा उघडला, मिटला, परत उघडला, आणि ती पुढं धावली.

"अहो! पुरे. सोडा ते."

"तू म्हणाली होतीस ना," तो म्हणाला. आवाज रोजचाच. पुढचं पाखरू त्याच्या हातात होतं.

"म्हणाले होते. आता नको म्हणतेय. ऐका माझं!"

कट्. तिनं चांगल्या हातानं त्याचा शर्ट ओढला, तो फाटला. अण्णाराव तिला खांद्यानं बाजूला सारून परत आत वाकला. तेव्हा ती ढाबळीच्या मागच्या बाजूला गेली, तिथली जाळीची झडप लाथेनं तोडली आणि पत्र्यावर प्लॅस्टर आपटून ओरडत सुटली, "जा! उडा! जा की रे!" उरलेली पाखरं झुंडीनं बाहेर पडली आणि गच्चीवर घिरट्या घालायला लागली. तिचा मोडका हात ठणकत होता. अण्णाराव रिकामी ढाबळ बघत उभा राहिला. नंतर नळाखाली हात धुवायला गेला, साबण लावून, नखांतून.

तो हात धूत असतानाच खालचं दार वाजलं. घिरट्या घालणारी पाखरं महेश्वरनं रस्त्यावरूनच बघितली असणार, कारण तो जिना तीन तीन पायऱ्या ओलांडत वर आला. बाराबंदी घामानं भिजलेली, हातात प्रसादाची पुडी. त्यानं ढीग बघितला. गुडघ्यावर बसला. एक पाखरू उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो राजेश्वरीनं माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"कोण?"

"मी," अण्णाराव म्हणाला. ओले हात दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"अण्णा, तू?"

"मी."

महेश्वर उठला. शेडनेटचा लोखंडी पाइप त्यानं एका हिसक्यात उपसला, नेट खाली कोसळलं. पहिला घाव अण्णारावच्या दंडावर बसला. अण्णारावनं हात वर केला नाही, तोंड फिरवलं नाही, मार खायचंच ठरवून उभा असल्यासारखा. दुसरा घाव कानावर. कानातून रक्ताची धार शर्टावर उतरली, तो कठड्याला घसरत खाली बसला. राजेश्वरी मध्ये पडली. पाइप तिच्या प्लॅस्टरवर आदळला, प्लॅस्टर फुटलं आणि वेदनेनं तिच्या डोळ्यांसमोर काळं झालं. महेश्वरनं तिला पायानं बाजूला ढकललं. त्याची पांढरी बाराबंदी छातीपासून खाली लाल ठिपक्यांनी भरली होती. अण्णारावच्या डोक्यावर नेम धरून त्यानं पाइप दोन्ही हातांनी वर नेला.

"साकु!"

पुरे, असं कानडीतून ओरडत हेमावती कुठून आली ते कुणालाच कळलं नाही. तिनं एका कुंडीखालची वीट ओढली, कुंडी कलंडून फुटली, आणि ती वीट तिनं नवऱ्याच्या मानेच्या वर, डोक्याच्या मागं मारली. पाइप त्याच्या हातातून गळला आणि गच्चीवर घरंगळत गेला. तो वळला. बायकोकडं बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा. त्याचे गुडघे वाकायला लागले होते. आता तो कुणालाही मारू शकत नव्हता, हे राजेश्वरीला दिसत होतं. हेमावतीलाही दिसत असणारच. तिनं वीट परत उचलली आणि त्याच्या कपाळावर, विभूतीच्या पट्ट्यांवर घातली.

तो पाखरांच्या ढिगावर पडला.

रुग्णवाहिकेला फोन राजेश्वरीनं केला. दोघं भाऊ एकाच गाडीतून गेले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पोलीस आले. त्यांच्यातल्या एका बाईनं हेमावतीला बाकावर बसवलं, पाणी दिलं. हेमावतीच्या हातांना विटेचा भुगा चिकटला होता.

"कोणी मारलं ह्यांना?"

"मी."

"घाबरून मारलं, असं म्हणायचंय ना? मोठ्या दिरांना वाचवायला?"

"पहिल्यांदा वाचवायला मारलं," हेमावती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा बारीक नव्हता. "दुसऱ्यांदा लई वर्षांचं साठलेलं होतं, ते मारलं. ल्हिवा तसं."

राजेश्वरी शेजारी बसली होती. तिनं आपलाही जबाब दिला. मनगट कुणी मोडलं ते सांगितलं. पाखरं कुणी मारली ते सांगितलं, आणि मारा म्हणून कुणी डिवचलं तेही सांगितलं.

पण प्रकरण फार पुढं गेलं नाही, आणि ते गेलं नाही महेश्वरमुळंच. बरेच दिवस तो शुद्धीवर नव्हता. शुद्ध आल्यावर पोलीस खाटेपाशी गेले, तर तो जड जिभेनं म्हणाला, "घसरून पडलो. गच्चीवर पाणी होतं." पोलीस म्हणाले, तुमची बायको तर कबूल करते. तो म्हणाला, "तिला काय कळतंय? पडलो म्हणतो ना." बायकोनं मारलं, हे भवानी पेठेत ऐकून घेण्यापेक्षा त्याला घसरून पडलेलं बरं वाटलं. अण्णारावनंही तक्रार दिली नाही. दोघा भावांचे अक्कलकोटचे मामा येऊन दोन दिवस राहिले, सगळ्यांना शांत राहायला सांगून गेले.

महेश्वर घरी आला तो काठी घेऊन. डावा पाय ओढतो, शब्द शोधत बोलतो. राग गेला असं नाही, तो अजून डोळ्यांत येतो. पण जेवायला तो आता भिंतीला पाठ लावून बसतो, आणि हेमावती मागून गेली की घास हातात धरून थांबतो. ती गेली की खातो. उडून गेलेल्यांपैकी थोडी पाखरं परत आली. त्यांना ज्वारी कोण टाकतो? अण्णाराव. रोज सकाळी पेढीवर जायच्या आधी. कुणी सांगितलेलं नाही. पाखरं त्याच्यापासून लांब कठड्यावर बसून राहतात आणि तो खाली गेल्यावरच दाण्यांवर उतरतात.

अण्णारावचा तो कान गेला तो गेलाच. एका संध्याकाळी राजेश्वरीनं त्याला चहा दिला आणि पाठ फिरवून निघाली, तेव्हा तो म्हणाला, "तू माझ्या हातचं काही खात नाहीस आता. भात कालवला तरी."

ती थांबली.

"तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. ती त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला होती, म्हणून फिरून दुसऱ्या बाजूला आली आणि परत म्हणाली, "व्हय. मीच म्हणाले होते." मग त्याच्या शेजारी बसली. एवढंच तिला जमलं. त्याच्या हातांकडं बघणं अजून जमत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागलं. दोन कुंड्या वाचल्या होत्या, त्यांतल्या एकीला उशिरानं एक फळ धरलं होतं. राजेश्वरी पाणी घालायला वर गेली तर हेमावती आधीच तिथं उकिडवी बसलेली. फळ खालून लाल, देठापाशी अजून पांढरं होतं.

"तोडू का, अक्का?"

"दोन दिवस थांब की. पिकू दे."

हेमावतीनं तोडलंच. अर्धं करून राजेश्वरीपुढं धरलं. राजेश्वरीनं मान हलवली, तिच्या तोंडात पिसांची चव आली होती. हेमावतीनं मग दोन्ही अर्धी एकदमच तोंडात टाकली, डोळे घट्ट मिटले, देठ थुंकून टाकलं.

"आंबट हाय," ती म्हणाली, आणि खालून महेश्वरची काठी वाजली तशी हात पदराला पुसून, सावकाश, जिन्याकडं गेली.